संगीताला नावं ठेवताना

बारशाला आपण बाळाचं नाव ठेवतो, आणि बारशाच्या जेवणाला नावं ठेवतो. फरक म्हटलं तर फक्त एका अनुस्वाराचा! इंग्रजीत संगीतावर लिहिणाऱ्यांनी मात्र गेली तीनेकशे वर्षं ही दोन्ही कामं बऱ्याचदा एकदमच उरकली आहेत. आज आपण जे शब्द मोठ्या ऐटीत वापरतो त्यातले निम्मेअधिक कुणीतरी नाक मुरडून काढलेले आहेत, आणि काही तर दुकानातलं कपाट लावताना सुचलेले आहेत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे याद्या. एखादा अल्बम आवडला की त्यावर इंग्रजीत चार ओळी लिहाव्यात असं बऱ्याच जणांना वाटतं. पण गाडी 'ऑसम' आणि 'सोलफुल'च्या पुढे जात नाही. मग नेटवर शोधाशोध होते आणि 'म्युझिक रिव्ह्यूसाठी उपयुक्त शंभर शब्द' अशी यादी हाती लागते. लश, अँग्युलर, सेमिनल, गिटी, ग्रिटी, हॉन्टिंग.. सगळे एकाच रांगेत, जणू सगळ्यांचं काम सारखंच आहे. पण तसं ते नाही. काही शब्द कानाचे आहेत, काही दुकानाचे आहेत, आणि काही नुसते निकालाचे आहेत. कुठला शब्द कुठल्या जातीचा हे कळायला त्याचा थोडा इतिहास बघावा लागतो. शनिवार-रविवार आहे, वेळही आहे, तर बघूया.

सुरुवात करू 'बरोक'पासून. बाख, हँडेल, विवाल्डी वगैरे मंडळींच्या काळाला आज आपण बरोक म्हणतो. या शब्दाचं मूळ बहुधा बेढब मोत्यासाठी असलेल्या एका पोर्तुगीज शब्दात आहे. १७३३ मध्ये पॅरिसला रामो नावाच्या संगीतकाराचा पहिला ऑपेरा रंगमंचावर आला. दुसऱ्या वर्षी 'मेर्क्यूर द फ्रान्स' या नियतकालिकात एका निनावी पत्रलेखकाने त्याच्या संगीतावर टीका करताना हा शब्द वापरला. अर्थ काय, तर वेडंवाकडं, गोंगाटी, उगाच अवघड. पुढे १७६८ मध्ये रूसोने (होय, तोच तत्त्वज्ञ रूसो, तो संगीतावरही भरपूर लिहायचा) आपल्या संगीतकोशात बरोक संगीताची नोंद केली, तीही कौतुकाची नव्हती. एका अख्ख्या कालखंडाचं सन्मान्य नाव म्हणून हा शब्द संगीतात रुजायला विसावं शतक उजाडावं लागलं. तोवर बाखला जाऊन दीडशेच्या वर वर्षं झाली होती. आपण 'बरोक' संगीतकार आहोत हे त्या बिचाऱ्याला कधी कळलंच नाही.

'इम्प्रेशनिस्ट'चं तेच. १८७४ मध्ये लुई लरुआ या पत्रकाराने मोने वगैरे चित्रकारांची टिंगल करायला तो शब्द वापरला. १८८७ मध्ये पॅरिसच्या अकादमीने तरुण दब्युसीला, त्याच्या एका रचनेवरच्या अहवालात, 'या धूसर इम्प्रेशनिझमपासून सांभाळून राहा' अशा आशयाची समज दिली. दब्युसीला हे लेबल शेवटपर्यंत आवडलं नाही. आणि आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात त्याच्या नावापुढे पहिला शब्द तोच!

रॉकच्या जमान्यात तर विचारूच नका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत कॅन, फाउस्ट, नॉय अशा बँड्सनी काहीतरी वेगळंच सुरू केलं. ब्रिटिश पत्रकारांनी त्याला 'क्राउटरॉक' म्हटलं. क्राउट म्हणजे कोबी, आणि महायुद्धांच्या काळात जर्मन सैनिकांना हिणवायला वापरलेला शब्द. फाउस्टवाल्यांनी १९७३ मध्ये आपल्या एका लांबलचक गाण्यालाच 'क्राउटरॉक' नाव देऊन फिट्टंफाट केली. १९९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये काही पोरं स्टेजवर पायाशी ठेवलेल्या इफेक्ट्सच्या पेडल्सकडे बघत, मान खाली घालून गिटार वाजवायची. साप्ताहिकांनी त्यांना 'शूगेझर' म्हणजे बूट न्याहाळणारे ठरवलं. आज त्याच नावाने प्लेलिस्ट निघतात आणि लोक त्या कौतुकाने ऐकतात.

'पंक' ची गोष्ट सगळ्यात भारी. पंक म्हणजे मवाली, टुकार पोरगं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या 'क्रीम' मासिकात डेव्ह मार्शने 'पंक रॉक' हा शब्द वापरला तो 'क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स' या बँडबद्दल. हा बँड होता मिशिगनमधल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांचा, आणि त्यांचं गाजलेलं गाणं १९६६ चं. आपण ज्याला पंक म्हणतो त्या रमोन्स आणि सेक्स पिस्टल्सच्या पहिल्या रेकॉर्ड १९७६ मध्ये आल्या. म्हणजे समीक्षकांनी नाव आधी ठेवलं, मूल पाच वर्षांनी जन्माला आलं!

असं का होत असावं? मला वाटतं कारण साधं आहे. नवं संगीत ज्याला आवडतं त्याला नावाची घाई नसते. तो त्यातल्या एकेका गोष्टीबद्दल बोलत बसतो, इथली गिटार बघ, तिथला ठेका बघ. ज्याला ते आवडत नाही त्याला मात्र ते सगळं एका पिशवीत भरून लांब ठेवायचं असतं. त्यामुळे पिशवीचं नाव बहुतेक वेळा विरोधकच ठरवतो. पुढे भांडण विसरलं जातं आणि पिशवी राहते.

असो. आता कानाच्या शब्दांकडे वळू. कानाचा शब्द म्हणजे कसा? गाणं लावायचं आणि त्या ठिकाणी बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, की हे बघ, हे म्हणतोय मी.

यातला सगळ्यात उपयोगी शब्द म्हणजे 'टिंबर' (लाकडाचा नव्हे, याचा मूळ फ्रेंच उच्चार 'तँब्र'च्या जवळ जाणारा). तोच सूर, तेवढाच मोठा, पण सनईवर वेगळा आणि बासरीवर वेगळा लागतो. जो फरक उरतो तो टिंबर. फ्रेंचमध्ये हा शब्द आधी एका ढोलासाठी आणि मग टोल द्यायच्या घंटेसाठी होता. असा फरक का पडतो हे हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ च्या ग्रंथात व्यवस्थित मांडलं. मूळ सुरासोबत वरचे सूक्ष्म सूर कुठल्या प्रमाणात वाजतात त्यावर आवाजाची जात ठरते. जर्मनमध्ये याला शब्द होता 'आवाजाचा रंग' अशा अर्थाचा. तो इंग्रजीत आणायचा कसा? जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने 'क्लँग-टिंट' असा शब्द सुचवला. १८७५ मध्ये हेल्महोल्त्झचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या अलेक्झांडर एलिसला तो अजिबात पटला नाही. बरं झालं! नाहीतर आज आपण लताबाईंच्या आवाजाच्या 'क्लँग-टिंट'वर चर्चा करत बसलो असतो. हाच एलिस पुढे १८८५ मध्ये सप्तकाचे १२०० भाग करून 'सेंट' हे माप रूढ करणारा, आणि ते माप लावून भारतासह अनेक देशांच्या सुरावटी मोजणारा. आज फोनवरच्या ट्यूनर ॲपमध्ये 'पाच सेंट खाली' असं दिसतं ते त्याच्यामुळे.

म्हणजे एका शब्दामागे तीन-चार देश, दोन-तीन भाषा आणि भौतिकशास्त्राचा एक अख्खा ग्रंथ! पण म्हणूनच तो टिकला. कारण तो कुणालाही तपासून बघता येतो.

आता कुणाला वाटेल की याचा अर्थ पारिभाषिक शब्दांची पेरणी केली की झालं. तर इथे बर्नार्ड शॉ आडवा येतो. नाटककार म्हणून नाव व्हायच्या आधी शॉ लंडनमध्ये संगीतसमीक्षक होता. १८८९ पासून 'द स्टार' या वर्तमानपत्रात 'कॉर्नो दी बासेतो' या टोपणनावाने, आणि १८९० ते १८९४ 'द वर्ल्ड' साप्ताहिकात. त्या काळचे विद्वान समीक्षक 'पहिला विषय अमुक स्वरात सुरू होतो, मग तमुक स्वरात वळतो' असं पानंच्या पानं लिहायचे. १८९३ मध्ये शॉने त्यांची चेष्टा करायला हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताचं त्याच थाटात व्याकरण करून दाखवलं. इथे क्रियापद अमुक रूपात, इथे सर्वनाम, इथे विराम.. सगळं बरोबर, आणि स्वगताबद्दल एक अक्षरही कळत नाही. स्वतः शॉ घरच्या सांगीतिक वातावरणात वाढलेला, त्याला यातलं सगळं येत होतं. पण ज्याला संगीतातलं काही कळत नाही अशा माणसाने आपला स्तंभ आवडीने वाचावा, अशी त्याची जिद्द होती.

कानाचा चांगला शब्द कसा असतो याचा माझा आवडता नमुना १९५८ चा आहे. जॉन कोल्ट्रेन तेव्हा सॅक्सोफोनवर इतक्या वेगाने सूर सोडायचा की सुटे सूर ऐकू न येता त्यांचा एक सलग पडदा पडल्यासारखा वाटायचा. आयरा गिटलर या समीक्षकाने त्याला नाव दिलं 'शीट्स ऑफ साउंड', आवाजाचे पत्रे म्हणा किंवा चादरी म्हणा. हे वाचून जाझ न ऐकणारा माणूसही कोल्ट्रेनची त्या काळातली रेकॉर्ड लावून ताबडतोब म्हणतो, हां हां, हेच ते! या शब्दात शिवी नाही, कपाट नाही आणि पांडित्यही नाही.

नेहमीच्या वापरातले असे बरेच शब्द आहेत. 'स्पार्स' म्हणजे वाद्यं मोजकी आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. 'लश' म्हणजे त्याच्या उलट, व्हायोलिनं आणि कोरसने भरगच्च. 'टेक्स्चर' म्हणजे एका वेळी किती पदर वाजताहेत आणि ते एकमेकांत कसे गुंफलेत. 'सिंकोपेटेड' म्हणजे जोर अपेक्षित ठोक्यावर न पडता अलीकडे-पलीकडे पडणं. 'अँग्युलर' म्हणजे चाल सलग न वळता कोपरे घेत उड्या मारत जाणं. 'जँगली' म्हणजे जंगली नव्हे बरं का! ती बारा तारांची खणखणीत, किणकिणणारी गिटार, जी १९६५ मध्ये बर्ड्स या बँडने गाजवली. (हा शब्द मराठी माणसाने रिव्ह्यूमध्ये जपून वापरावा, घरचे गैरसमज करून घेतील. :)) 'फंकी' चा जुना अर्थ म्हणजे घामाचा कुबट वास. कृष्णवर्णीय वादकांनी तोच शब्द कौतुकाचा करून टाकला. शिवी देणाऱ्याच्या हातून काढून घेतलेला शब्द आहे तो.

आपल्यासारख्या कीबोर्ड बडवणाऱ्यांना आवडतील असेही दोन आहेत. एक 'लो-फाय'. 'हाय-फाय' हा यंत्रं विकणाऱ्यांचा शब्द, म्हणजे मूळ आवाजाशी एकनिष्ठ. १९८६ मध्ये न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू रेडिओवर विल्यम बर्जर या निवेदकाने लोकांनी घरी टेप केलेल्या संगीताचा छोटा कार्यक्रम सुरू केला आणि त्याला 'लो-फाय' म्हटलं. कमी दर्जाची मुद्रा हा दोष न राहता निवड झाली. आज कोडिंग करताना लोक जे 'लो-फाय बीट्स' लावून बसतात त्या नावाची मुळं इथे आहेत. दुसरा शब्द 'कॉम्प्रेस्ड'. म्हणजे हळू भाग वर उचलायचे, मोठे भाग दाबायचे, आणि मग सगळंच कानठळ्या बसेल इतकं मोठं करायचं. २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा चाहत्यांच्या लक्षात आलं की तीच गाणी 'गिटार हीरो' या खेळात जास्त मोकळी आणि स्वच्छ ऐकू येताहेत. दोन्ही ध्वनिलहरींची चित्रं शेजारी शेजारी लावून लोकांनी दाखवली, सीडीची नुसती वीट दिसत होती. 'आवाज कसातरीच वाटतो' म्हणण्यापेक्षा 'फार कॉम्प्रेस्ड आहे' म्हटलं की कंपनीला उत्तर देणं भाग पडतं. योग्य शब्दाची ताकद ती हीच.

इथवर सगळं मजेत चाललंय. पण दुकानाच्या शब्दांकडे आलं की मामला गंभीर होतो.

१९२० मध्ये ओके या अमेरिकन कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड काढली आणि ती धडाधड खपली. कृष्णवर्णीय ग्राहक पैसे मोजतो हे कंपन्यांना कळलं. मग त्याच्यासाठी वेगळी मालिका निघाली, तिला म्हणायला लागले 'रेस रेकॉर्ड्स'. दक्षिणेतल्या गोऱ्या ग्रामीण लोकांच्या गाण्यांना पुढे नाव पडलं 'हिलबिली'. कॅटलॉगचे क्रमांकही वेगळे. कोलंबियाची कृष्णवर्णीयांसाठीची मालिका १४००० पासून, गोऱ्या ग्रामीण गाण्यांची १५००० पासून. डेटाबेसमध्ये एखादा कॉलम एकदा चुकीचा घातला की पुढचं सगळं सॉफ्टवेअर त्याभोवती लिहिलं जातं, तसंच हे.

प्रत्यक्षात वादक असे दोन कप्प्यांत राहत नव्हते. दक्षिणेत कृष्णवर्णीय वादक फिडल आणि बँजो वाजवत होते, गोरे गायक ब्लूज गात होते. १९३६-३७ मध्ये २९ गाणी मुद्रित करून गेलेला रॉबर्ट जॉन्सन आज 'अस्सल ब्लूज'चा देव मानला जातो. त्याच्यासोबत गावोगाव हिंडलेल्या जॉनी शाइन्सने पुढे सांगितलं आहे की जॉन्सन रस्त्यावर लोक मागतील ते वाजवायचा, बिंग क्रॉस्बीची सिनेमातली गाणी आणि पोल्कासुद्धा. पण त्याच्या रेकॉर्डवर जवळजवळ सगळं ब्लूजच आहे. कंपनीला त्या खणात तेवढंच हवं होतं. बाकीचा रॉबर्ट जॉन्सन आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाही. एका लेबलची ही किंमत.

'बिलबोर्ड' हे तेव्हा तिथलं धंद्याचं साप्ताहिक होतं. त्याने १९४२ मध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीची यादी 'हार्लेम हिट परेड' नावाने सुरू केली आणि १९४५ मध्ये तिचं नाव 'रेस रेकॉर्ड्स' केलं. युद्धानंतर तो शब्द खुपायला लागला. पर्याय शोधायचं ठरलं तेव्हा तिथल्या जेरी वेक्सलर या तरुण बातमीदाराने सुचवलं 'रिदम अँड ब्लूज'. २५ जून १९४९ च्या अंकापासून ते नाव लागलं. त्याच अंकात गोऱ्या ग्रामीण संगीताची यादीही 'कंट्री अँड वेस्टर्न' झाली. वेक्सलर १९५३ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये गेला आणि पुढे रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन यांच्यासोबत काम करून मोठा निर्माता झाला.

नवं नाव निश्चितच चांगलं होतं. जुन्यात फक्त वंश होता, नव्यात निदान ठेका आणि ब्लूज तरी होते. पण कपाट तेच राहिलं. १९५५ मध्ये चक बेरीचं 'मेबलीन' आर अँड बी यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते गाणं त्याने ज्यावरून उचललं ते 'आयडा रेड' हे जुनं फिडलचं गाणं होतं, बॉब विल्सच्या कंट्री बँडने १९३८ मध्ये रेकॉर्ड केलेलं. म्हणजे कानाने ऐकलं तर कंट्रीची छाप स्पष्ट, पण रंग बघितला तर आर अँड बी. पुढे या यादीचं नाव १९६९ मध्ये 'सोल' झालं, १९८२ मध्ये सरळ 'ब्लॅक', १९९० मध्ये पुन्हा 'आर अँड बी', आणि १९९९ मध्ये त्याला 'हिप-हॉप' जोडलं गेलं. पाटी चारदा रंगवली, दार तेच.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. मार्च २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या विशीतल्या कृष्णवर्णीय पोराचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डच्या कंट्री यादीत आलं. घोडा, टोपी, बँजो सगळं होतं. बिलबोर्डने ते यादीतून काढलं. कारण, आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक त्यात नाहीत म्हणे. मग बिली रे सायरस या गोऱ्या कंट्री गायकाला घेऊन त्याची दुसरी आवृत्ती आली आणि ते गाणं मुख्य यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं, तेव्हाचा विक्रम. २०२४ मध्ये बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्यानंतर काही महिन्यांतच ग्रॅमीने त्या एका बक्षिसाची 'पारंपरिक' आणि 'समकालीन' अशी दोन बक्षिसं केली. आता बोला!

हाच वाद 'अर्बन' या शब्दाचा. सत्तरच्या दशकात रेडिओवाल्यांनी हा शब्द जाहिरातदारांना बिचकवू नये म्हणून रूढ केला, म्हणजे 'कृष्णवर्णीय' न म्हणता तेच सांगायचं. जानेवारी २०२० मध्ये टायलर, द क्रिएटर याला रॅपचं ग्रॅमी मिळालं. तेव्हा त्यानेच सांगितलं की आमच्यासारखे दिसणारे लोक काहीही करोत, त्यांना रॅप किंवा अर्बनमध्येच टाकतात. त्या जूनमध्ये ग्रॅमीने 'अर्बन कंटेम्पररी' या विभागाचं नाव बदललं.

आपल्या वाट्याला आलेलं कपाट म्हणजे 'वर्ल्ड म्युझिक'. २९ जून १९८७ रोजी लंडनच्या 'एम्प्रेस ऑफ रशिया' नावाच्या पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचे लोक जमले. अडचण खरी होती. माली, बल्गेरिया, पाकिस्तान, भारत इथल्या रेकॉर्ड दुकानदार कुठे ठेवणार? कुठे ठेवायच्या ते कळत नाही म्हणून तो मागवतच नव्हता. मतं घेऊन 'वर्ल्ड म्युझिक' ठरलं आणि तशा पाट्या छापून दुकानांना दिल्या. धंदा वाढला, कित्येक कलाकारांचे दौरे झाले, हे नाकारता येत नाही. पण ख्याल, कव्वाली आणि मालीचा कोरा एका खणात आले. त्यांच्यात सामायिक काय, तर ते इंग्लंड-अमेरिकेचं नाही एवढंच! १९९९ मध्ये डेव्हिड बर्नने न्यू यॉर्क टाइम्समध्ये या शब्दाचा आपल्याला तिटकारा असल्याचा लेखच लिहिला. गंमत बघा, साठच्या दशकाच्या अखेरीस रविशंकर आणि येहुदी मेनुहिन यांच्या 'वेस्ट मीट्स ईस्ट'ला ग्रॅमी मिळालं ते चेंबर म्युझिक या विभागात, कारण हा खण तेव्हा नव्हताच. मला विचाराल तर दोन-तीन वादकांनी एकमेकांचं ऐकत वाजवणं याला चेंबर म्युझिक म्हणणं कानाला जास्त पटतं. २०२० मध्ये ग्रॅमीने 'वर्ल्ड'चं 'ग्लोबल' केलं. २०२४ मध्ये झाकीर हुसेन, शंकर महादेवन यांच्या 'शक्ती'ला मिळालं ते याच नव्या पाटीखाली.

राहता राहिले निकालाचे शब्द. सेमिनल, डेरिव्हेटिव्ह, हॉन्टिंग, ओव्हररेटेड. हे वाईट असतात असं नाही, पण यांच्यावर बोट ठेवता येत नाही. 'सेमिनल' म्हटलं की पुढे कुणाकुणावर परिणाम झाला ते सांगावं लागतं, 'डेरिव्हेटिव्ह' म्हटलं की कुणासारखं ते. ते न सांगता नुसता निकाल द्यायचा असेल तर मग आकडाच दिलेला काय वाईट? रॉबर्ट क्रिस्टगाउने १९६९ पासून 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये अल्बमना शाळेसारख्या श्रेणी द्यायला सुरुवात केली, पण सोबतच्या चार-पाच ओळींत तो इतकं ठासून भरायचा की लोक श्रेणीपेक्षा त्या ओळींवरून भांडायचे.

जाता जाता घरची एक गोष्ट. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या वामनराव देशपांड्यांनी १९६१ मध्ये 'घरंदाज गायकी' लिहिलं. १९७३ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही आलं. घराण्यांची नावं बघा, किराणा, आग्रा, जयपूर, ग्वाल्हेर. नुसती गावांची नावं, म्हणजे एका अर्थी कपाटंच. वामनरावांनी विचारलं की या कपाटांच्या आत कानाला नक्की काय वेगळं ऐकू येतं? आणि स्वर आणि लय अशी दोन टोकं धरून प्रत्येक घराणं कुणाला किती वजन देतं ते मांडलं. किराणा स्वराच्या बाजूला, आग्रा लयीच्या बाजूला, जयपूरमध्ये दोन्हींचा तोल. सगळ्यांना ते पटलं असं नाही. पण वाद घालणाऱ्याला गाणं लावूनच घालावा लागतो, हे महत्त्वाचं. दिवसभर ताळेबंद तपासणारा माणूस संध्याकाळी जे ऐकायचा त्याचाही हिशोब मागत होता.

तेव्हा पुढच्या वेळी इंग्रजीत चार ओळी लिहाल तेव्हा यादी जरूर जवळ ठेवा. एवढंच करा, आधी दोन वाक्यं फक्त कानाच्या शब्दांत लिहा. आवाजाची जात काय, पदर किती, जोर कुठे पडतो, मोकळी जागा कुठे आहे. मग गरज वाटली तर दुकानाचा शब्द घाला, पण तो घालताना गाणं ऐकून घालताय की गाणाऱ्याचा चेहरा आणि पासपोर्ट बघून, हे स्वतःला विचारा. निकाल शेवटी द्या. बऱ्याचदा तोवर त्याची गरज उरलेली नसते.